निर्वासितांच्या गोष्टी ऑडिओ डॉक्युमेंटरीत सांगायच्या तर कशा?

कानसेन (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, टंकाळा नडत होता. मला ऑडिओ डॉक्युमेंटरी ऐकायचं वेड आहे, त्यातही निर्वासित आणि स्थलांतरितांवरच्या जरा जास्तच ऐकतो. २०२४ संपताना जगात १२ कोटी ३२ लाख माणसं युद्ध, छळ, हिंसा यांपायी घरदार सोडून पडलेली होती असं यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, सांगते. आता एवढा मोठा आकडा वाचून कोणाच्या पोटात काही हलत नाही, पण त्यातलाच एक जण कानात बोलायला लागला, मधेच खोकला, शेजाऱ्यावर ओरडला आणि परत बोलायला लागला की तो माणूस होतो. म्हणून या विषयाला हे माध्यम फिट बसतं असं माझं ठाम मत आहे.

पण तक्रारही आहे. दहातल्या आठ डॉक्युमेंटरी एकाच साच्यातल्या. आधी लाटांचा आवाज, मग पियानोचे दोन सूर, मग एक बाई रडते, मग रिपोर्टर घसा खाली नेऊन सांगतो की ही फातिमा आणि तिनं सगळं गमावलंय. बरं, सीरियन माणूस बोलायला लागला की मागे दुदुक वाजलाच पाहिजे असा कुठे कायदा आहे का? आणि दुदुक आर्मेनियन वाद्य आहे हो! त्या बाईला नवऱ्याचा राग येत असेल, ती शिवणकामात पटाईत असेल, तिला रिपोर्टरचे बूट बघून हसू येत असेल, यातलं काहीही आपल्यापर्यंत येत नाही. तिनं फक्त रडायचं आणि आपण फक्त हळहळायचं.

याच्या बरोब्बर उलटं म्हणजे 'द मेसेंजर' (२०१७) ही पॉडकास्ट मालिका. ऑस्ट्रेलियाचा पत्रकार मायकल ग्रीन आणि सुदानहून पळालेला अब्दुल अझीझ मुहम्मत. अझीझ बोटीनं ऑस्ट्रेलियाकडे निघाला आणि त्याला नेऊन टाकलं पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरच्या छावणीत, जिथे पत्रकाराला जाणं जवळपास अशक्य. मग काय, लपवलेल्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपचे छोटे छोटे व्हॉइस मेसेज, असे हजारो. सुरुवातीला दोघं भेटलेलेही नव्हते. अझीझ कधी चिडतो, कधी मायकललाच विचारतो की तू कसा आहेस, कधी उत्तरच येत नाही आणि आपण पुढच्या टिंगची वाट बघत बसतो. इथे अझीझ हा विषय नाहीये, तो अर्धा निवेदक आहे. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो, माइक कोणाच्या हातात आहे आणि कुठला प्रश्न टाळायचा हे कोण ठरवतं.

तुम्ही काय ऐकलंय? आणि इथे कोणी प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, अनुवाद वगैरे करत असेल तर त्यांनी लिहाच.

---

निनाद_

वाचनखूण साठवली. 'धिस अमेरिकन लाइफ' या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाचे २०१६ चे ग्रीसवाले दोन भाग ऐका नसतील ऐकले तर. त्या वर्षी बाल्कन देशांनी सीमा बंद केल्या, मार्चमध्ये युरोप-तुर्कस्तान करार झाला आणि ५० हजारांवर माणसं ग्रीसमध्येच अडकली. मग कार्यक्रमाचे लोक तिथल्या छावण्यांत जाऊन बसले, एक तर चक्क २००४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानात होती. तिथे माणसं प्रेमात पडतायत, जेवणावरून कुरकुरतायत, कंटाळलीयत. मला सगळ्यात जास्त तो कंटाळाच पोचला. युद्ध कळत नाही हो आपल्याला, पण कागद कधी येणार या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसणं पटकन कळतं.

---

शंकासुर

धागा चांगला आहे पण मला हा 'रडणं नको' प्रकार जरा आरामखुर्चीतला वाटतो. जून २०१८ आठवा. अमेरिकेच्या सीमेवर पोरांना आईबापांपासून तोडत होते, महिनाभर बातम्या येत होत्या, फोटो येत होते, सरकार ढिम्म. मग प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं एक टेप टाकली, आठेक मिनिटांची, आतल्या कोणीतरी गुपचूप केलेली. नुसती पोरं रडतायत. मामी, पापा, एवढंच. १८ जूनला टेप आली आणि २० जूनला ट्रम्पनं ताटातूट थांबवायच्या आदेशावर सही केली. एकट्या टेपमुळे झालं असं मी म्हणत नाहीये, दबाव आधीपासून होता, पण ती टेप पत्रकार परिषदेत वाजली, सभागृहात वाजली. रडणं ऐकवून आपल्याला त्रास झाला म्हणून ते वाईट पत्रकारितेत जमा करायचं का?

---

कानसेन

शंकासुर, मुद्दा मान्य, पण ती टेप नीट आठवा. त्यात संगीत नाही, निवेदक नाही, कोणी सांगत नाही की आता वाईट वाटून घ्या. आणि रडण्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींनी माणसं हादरली. एक म्हणजे तो सीमेवरचा अधिकारी, जो पोरांच्या रडण्यावर विनोद करतो की इथे ऑर्केस्ट्रा जमलाय, फक्त कंडक्टर नाहीये. दुसरं म्हणजे ती सहा वर्षांची एल साल्वादोरची मुलगी, जी नुसती रडत नाहीये, ती मोठ्यांच्या मागे लागलीय की माझ्या मावशीला फोन लावा, मला नंबर पाठ आहे. पुढे पत्रकारानं त्या नंबरावर फोन केला तर खरंच मावशीनं उचलला! म्हणजे त्या खोलीत सगळ्यात शहाणी व्यक्ती ती मुलगी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की दुःख वगळू नका, पण माणसाला तेवढंच ठेवू नका.

---

शंकासुर

हं. मावशीचा मुद्दा भारी आहे. पण पूर्ण पटलं नाही, बघू.

---

दुभाषी_मुक्ता

कानसेन, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी अनुवादाचं काम करते, मुलाखतीत दुभाषी म्हणून बसते आणि नंतर टेपवरून उतरवूनही देते. माइक कोणाच्या हातात वगैरे ठीक आहे, पण निम्मी वाट दुभाष्यापाशीच लागते आणि त्यावर कोणी बोलत नाही.

बाई चार मिनिटं बोलते, मधे थांबते, हात चोळते, परत मागे जाऊन काहीतरी दुरुस्त करते. दुभाषी म्हणतो, "ती म्हणतेय की प्रवास फार अवघड होता." झालं! रिपोर्टर मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्या चार मिनिटांत तिनं सांगितलेलं असतं की बोटीत चढताना सामान टाकायला लावलं तेव्हा तिनं पोराच्या औषधांची पिशवी पोटाशी बांधली आणि नवऱ्याला खोटं सांगितलं की टाकली. गोष्ट ती होती ना!

म्हणून मी आता आधीच सांगून टाकते. दुभाष्यानं 'मी' म्हणूनच बोलायचं, 'ती म्हणतेय' नाही. छोट्या छोट्या तुकड्यांत बोलायचं. दुभाष्याचा माइक वेगळा, ट्रॅक वेगळा, म्हणजे एडिटला मूळ आवाज मोकळा मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत आल्यावर पूर्ण टेप दुसऱ्याच अनुवादकाकडून शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. पैसे लागतात, वेळ लागतो, म्हणून हेच पहिलं कापतात, आणि मग डॉक्युमेंटरीत जे ऐकू येतं तो दुभाष्यानं जागेवर केलेला गोषवारा असतो.

दुसरं, दुभाषी कोण आहे? छावणीत बहुतेक वेळा छावणीतलाच कोणीतरी पोरगा मिळतो ज्याला इंग्रजी येतं. तो बोलणाऱ्या बाईच्या दिराचा मित्र असू शकतो, दुसऱ्या टोळीचा, दुसऱ्या पक्षाचा असू शकतो. मग बाई शब्द मोजून बोलते आणि रिपोर्टरला वाटतं ही लाजाळू आहे. अत्याचाराबद्दल विचारायचं असेल तर बाईच दुभाषी हवी, आणि शक्यतो त्या वस्तीबाहेरची.

रोहिंग्यांचंच घ्या. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर माणसं म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आली तेव्हा सगळे धरून चालले की चितगावी, म्हणजे त्या भागातली बोली, बोलणारा दुभाषी चालेल, भाषा जवळची आहे. गप्पांपुरती चालते, पण आजारपण, बायकांच्या तक्रारी, कागदपत्रं असे विषय निघाले की दोन्हीकडे गोंधळ. ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्सनं मग तिथे शब्दसूची केल्या. तिथल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नाही, सगळा व्यवहार बोलण्यावर, त्यामुळे ऑडिओ ही तिथली खरी लिपी समजा.

व्हॉइसओव्हरबद्दल एक बोलून थांबते. मूळ आवाज सुरुवातीला काही सेकंद एकटा सोडा, मग खाली घ्या, वाक्य संपताना परत वर येऊ द्या. हसली असेल तर हसणं अनुवादाखाली गाडू नका. आणि अनुवाद वाचणाऱ्यानं अभिनय करायचा नाही, मोडक्या उच्चारात तर अजिबात वाचायचं नाही. आपल्या भाषेत ती बाई अस्खलितच बोलत होती, मग अनुवादात अडाणी का वाटावी?

---

वाटसरू

मुक्ताताई, प्रतिसाद नाही, लेखच आहे हा. वेगळा धागा काढा.

माझा बाळबोध प्रश्न, मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं चालतं का? मला एका ओळखीच्या कुटुंबाचं करायचंय, मोठं मशीन समोर ठेवलं तर ते गप्पच बसतील असं वाटतं.

---

टेपवाला

चालतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घ्या, जमलं तर साधा कॉलर माइक लावा. फोन टेबलावर ठेवू नका, टेबलाची प्रत्येक ठकठक येते. तोंडापासून वीतभर अंतर. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका, गरम झालं तरी चालेल. हेडफोन लावूनच रेकॉर्ड करा, कानाला बरं वाटतं ते माइकला ऐकू येत असेलच असं नाही.

मुलाखत संपली की कोणी न बोलता मिनिटभर खोलीचा आवाज घेऊन ठेवा. दोन वाक्यं जोडताना मधे हाच आवाज भरावा लागतो, नाहीतर कट कळतो. नवखे लोक हे हमखास विसरतात.

आणि नुसतं बोलणं घेऊन घरी येऊ नका हो. छावणीवरच्या डॉक्युमेंटरीत मला आवडतात ते तंबूच्या चेनचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, नळावरची भांडणं, लाउडस्पीकरवरून चुकीच्या उच्चारात पुकारलेली नावं. यातलं एक खरं मिळालं तर निवेदनाचा पॅरा वाचतो. स्टॉकमधल्या, म्हणजे तयार विकत मिळणाऱ्या, लाटा घालणाऱ्यांना मात्र माइक विकत देऊ नये असं माझं मत. हलकेच घ्या.

---

गार्गी

वाटसरू, माइकच्या आधी एक गोष्ट बघा. त्या कुटुंबाची आश्रयाची केस चालू आहे का?

आवाज आपल्यासाठी भावना असतो, पण सरकारी टेबलावर तो पुरावा असतो. आश्रय मागणाऱ्यानं अधिकाऱ्यासमोर एक तारीख सांगितली आणि तुमच्या पॉडकास्टमध्ये दुसरी सांगितली तर ते विसंगती म्हणून वापरलं जाऊ शकतं. आणि तारखा चुकतातच, आघातातून गेलेल्या माणसाला वास आठवतो, दाराचा रंग आठवतो, क्रम आठवत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्यामुळे केस चालू असेल तर आधी त्यांच्या वकिलाशी बोला.

दुसरं म्हणजे बोलण्याची ढब. काही देशांत आश्रय मागणाऱ्याचं बोलणं रेकॉर्ड करून उच्चारांवरून ठरवतात की हा खरंच सांगतोय त्या भागातला आहे का. जर्मनीच्या निर्वासित कार्यालयानं २०१७ पासून यासाठी सॉफ्टवेअर आणलंय. लॉरेन्स अबू हमदान या कलाकाराची यावरच ऑडिओ डॉक्युमेंटरी आहे, 'द फ्रीडम ऑफ स्पीच इटसेल्फ' (२०१२), ब्रिटनमधल्या अशा तपासण्यांबद्दल. वकील, भाषातज्ज्ञ आणि ज्यांची तपासणी झाली ती माणसं, सगळे बोलतात. आणि गंमत बघा, ती डॉक्युमेंटरी पुढे तिथल्या आश्रयाच्या लवादापुढे पुरावा म्हणून वापरली गेली. या धाग्यात एकच ऐकायची असेल तर मी ही सांगेन. रडणं नाही, लाटा नाहीत, आणि तरी ऐकताना आपण स्वतःचे उच्चार तपासायला लागतो. माणूस चार देशांत राहत राहत आलेला असतो, त्याच्या बोलण्यात चारही गावं उतरणारच, आणि तेच त्याच्याविरुद्ध जातं.

म्हणूनच 'नाव बदललं आहे' एवढ्यानं भागत नाही. आवाज ओळखू येतो, ढबीवरून गाव कळतं, मागे अजान किंवा चर्चची घंटा असेल तर मोहल्ला कळतो. आणि आवाज जाडाबारीक करून लपत नाही, तो परत पूर्ववत करता येतो. धोका खरा असेल तर दुसऱ्याच्या आवाजात वाचून घ्या आणि श्रोत्यांना तसं सांगा. मागे राहिलेल्या नातेवाइकांचाही विचार करा, परवानगी देणारा माणूस सुरक्षित देशात असतो, त्याचा भाऊ नसतो.

---

निनाद_

गार्गी, बाप रे, हे ढबीचं माहीतच नव्हतं.

---

शंकासुर

सगळं ठीक, पण मग खरंखोटं कोण बघणार? तारखा चुकल्या तर चालेल, विसंगती तर असणारच, असं म्हणत गेलो तर कोणीही काहीही सांगेल. 'कॅलिफेट'चं काय झालं? २०१८ ला न्यूयॉर्क टाइम्सनं गाजावाजा करून काढलेली मालिका, इसिसमध्ये होतो म्हणणाऱ्या एकाच्या आवाजावर उभी, आवाज एवढा पटणारा की सगळे वाहवले. २०२० मध्ये कळलं की त्याच्या सांगण्याला आधारच नाही, पीबडी पुरस्कार परत करावा लागला. ऑडिओत माणूस कानात बोलतो म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास बसतो, हाच तर धोका आहे.

---

गार्गी

सहमत. तपासायचंच, पण काय तपासायचं ते शहाणपणानं ठरवा. तारीख चुकली म्हणून माणूस खोटा नाही, पण ती बोट त्या आठवड्यात खरंच निघाली होती का, तो तुरुंग तिथे आहे का, बरोबरच्या दुसऱ्या माणसाला काय आठवतं, फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो आहेत का, हे बघता येतं. आणि ज्याचं तपासता आलं नाही ते डॉक्युमेंटरीतच सांगून मोकळं व्हा. मात्र हे त्या माणसाची उलटतपासणी घेऊन करू नका, तसली त्याची आधीच चारदा झालेली असते.

---

कानसेन

इथे 'द आउट क्राउड' आठवल्याशिवाय राहवत नाही, 'धिस अमेरिकन लाइफ'चाच नोव्हेंबर २०१९ चा भाग. ऑडिओ पत्रकारितेला पुलित्झर द्यायला २०२० मध्ये सुरुवात झाली आणि पहिलंच यांना मिळालं. विषय, आश्रय मागणाऱ्यांना केस चालेपर्यंत मेक्सिकोतच थांबवून ठेवायचं अमेरिकेचं धोरण. आता साच्यातल्या माणसानं सीमेवरचे तंबू दाखवले असते. यांनी तेही केलं, पण पुढे जाऊन मुलाखती घेणाऱ्या आश्रय अधिकाऱ्यांनाच बोलतं केलं. ती माणसं स्वतःच्या तोंडानं सांगतात की आम्हाला काय करायला लावतायत आणि त्यानं आमची झोप कशी उडालीय. त्याच भागाच्या उत्तरार्धात पत्रकार एमिली ग्रीननं होन्डुरासचा एक बाप आणि त्याचा मुलगा यांची गोष्ट केलीय, अमेरिकेनं परत पाठवल्यावर काही तासांतच मेक्सिकोतल्या सीमेवरच्या नुएव्हो लारेदो शहरात दोघांचं अपहरण झालं. खंडणीचे फोन रेकॉर्ड झालेले आहेत. तो अपहरणकर्ता जराही ओरडत नाही, एखाद्या वसुली करणाऱ्या कारकुनासारखा बोलतो. शंकासुर, ऐकाच, यात पुराव्याला कुठे बोट ठेवायला जागा नाही.

मला यातून कळलं ते असं की निर्वासितांची गोष्ट सांगायला दर वेळी निर्वासितालाच पिळायची गरज नाही. शिक्का मारणारा, बोट विकणारा, खंडणी मागणारा, यांच्याकडेही माइक न्या की.

---

अवांतरकाका

थोडं अवांतर. तुम्ही सगळे आत्ताच्या गोष्टी बोलताय, पण काही गोष्टी पिकायला वेळ लागतो. बीबीसी रेडिओ ४ वर २०१७ साली कविता पुरी यांची 'पार्टिशन व्हॉइसेस' आली, फाळणीनंतर पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांची. त्यांचे स्वतःचे वडील त्या काळाबद्दल जवळजवळ ७० वर्षं घरात अवाक्षर बोलले नव्हते, म्हातारपणी बोलले. ऐकताना जाणवतं की ही माणसं पहिल्यांदाच बोलतायत, वाक्यं घासून गुळगुळीत झालेली नाहीत. द्वेषाबरोबर दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यानं कसं लपवलं तेही येतं, आणि शेवटी सगळ्यांना सोडलेल्या घराचंच काहीतरी बोलायचं असतं. हे १९४८ मध्ये माइक घेऊन गेलं असतं तर मिळालं नसतं. तेव्हा घाई कशाला? रेकॉर्ड करून ठेवा, प्रसारित नंतर करा.

---

दुभाषी_मुक्ता

काका, रेकॉर्ड करून ठेवण्याला पूर्ण अनुमोदन. फक्त परवानगी दोनदा घ्यायची. बोलायच्या आधी घेतलेली 'हो' ही बहुतेक वेळा भिडेपोटी असते, समोर पाहुणा बसलाय, नाही कसं म्हणणार. बोलून झाल्यावर, दोन दिवसांनी, आणि प्रसारणाच्या आधी परत विचारा, त्यांचा भाग त्यांच्या भाषेत ऐकवून विचारा. काढून टाक म्हणाले तर काढायचं, तुमचा सगळ्यात भारी तुकडा असला तरी.

---

शंकासुर

शेवटचा खडा टाकतो. या सगळ्यातून त्या माणसाला मिळतं काय? निर्मात्याला पुरस्कार, श्रोत्याला हळवी संध्याकाळ, आणि तो तंबूतच. मुलाखतीचे पैसे का देऊ नयेत?

---

कानसेन

बातमीसाठी साक्ष विकत घ्यायची नाही हा जुना नियम आहे आणि त्याला कारण आहे, पैसे मिळतात म्हटलं की गोष्ट फुगते. पण दिवसाची मजुरी बुडवून कोणी तुमच्यासाठी बसला तर ती भरून देणं, गाडीभाडं देणं हे मला साक्ष विकत घेणं वाटत नाही. आणि जो अझीझसारखा महिनोन् महिने रेकॉर्ड करून पाठवतो तो स्रोत नाही, सहनिर्माता आहे, त्याला तसं श्रेय आणि तसं मानधन द्या. अझीझला २०१९ मध्ये मानवाधिकारांसाठी लढणाऱ्यांना देतात तो मार्टिन एनल्स पुरस्कार मिळाला, तो घ्यायला स्वित्झर्लंडला गेला आणि पुढे तिथेच त्याला आश्रय मिळाला. पण त्याच्याबरोबरचे कितीतरी जण तेव्हाही अडकलेलेच होते, त्यामुळे पॉडकास्टनं सुटका होते असं मी म्हणणार नाही.

---

शंकासुर

मजुरी आणि साक्ष यातली रेघ कोण मारणार हा प्रश्न राहतोच. असो, 'आउट क्राउड' ऐकून येतो मग भांडू.

---

वाटसरू

गार्गी, त्या कुटुंबाची केस चालू आहे, विचारलं मी. वकिलांशी बोलणं होईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवतोय. तोवर कुठून ऐकायला सुरुवात करू? माझं इंग्रजी ऐकणं यथातथाच आहे.

---

टेपवाला

'धिस अमेरिकन लाइफ'च्या साइटवर प्रत्येक भागाचं पूर्ण लिखित रूप फुकट आहे, ते समोर ठेवून ऐका. आधी ग्रीसवाले दोन भाग घ्या, मग 'मेसेंजर'. आणि मुलाखत थांबवलीय तोवर खोलीचा आवाज घ्यायची प्रॅक्टिस करा, त्याला कोणाच्या वकिलाची परवानगी लागत नाही.